तिसरीतलं मागे राहिलेलं मूल काय वाचतं?

पत्र :

नमस्कार मॅडम. आम्ही कराड तालुक्यात एका वस्तीवर राहतो. मिस्टर एमआयडीसीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. घरापासून चालत पाच मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन. भिंती छान रंगवल्यात, मोठा टीव्ही आहे, गेटवर एका मुलीचा कुठल्याशा स्पर्धा परीक्षेत नंबर आल्याचा फ्लेक्स आहे. मिस्टर म्हणतात, मी झेडपीतच शिकलो, माझं काय बिघडलं? सासूबाई म्हणतात, थोरलीचा पोरगा पिवळ्या बसने इंग्लिश मीडियमला जातो आणि आपला काय खिचडी खायला जाणार? मला दोघांचंही पटत नाही. शाळा चांगली की नाही ते माझं मला बघायचंय. पण बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? मी बारावी झालेय. सरांना काही विचारायची भीती वाटते.
– एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी भीतीचं मिटवू या. मार्च-एप्रिल आला की हेच सर पहिलीत जाणारी मुलं शोधत वस्तीवर फिरतील, तुमच्याही दारात येतील. शाळेत शिक्षक किती द्यायचे हे पटावर ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात, आणि छोट्या शाळांतल्या शिक्षकांना या शब्दाने वर्षातून एकदा तरी घाम फुटतो. तुमचा मुलगा त्या शाळेला हवा आहे. त्यामुळे बारावी झालेय की दहावी, याचा विचार न करता जा. तुम्ही काही मागायला चाललेल्या नाही.

जायचं मात्र साध्या दिवशी. २६ जानेवारीला नको, स्नेहसंमेलनाला नको, जूनमधल्या प्रवेशोत्सवाला तर नकोच, त्या दिवशी फुगे आणि गुलाबाची फुलं असतात. शनिवारी सकाळची शाळा, तीही घाईची. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार-बुधवार बघा. आदल्या दिवशी सरांना सांगा, ‘मुलाला पहिलीत घालायचंय, उद्या वर्ग बघायला येऊ का?’ अकराच्या सुमाराला पोहोचा आणि खिचडी वाटून होईपर्यंत थांबा.

आता तुम्ही पत्रात जे तीन गुण सांगितलेत, ते बाजूला ठेवू. रंगवलेल्या भिंती, टीव्ही, फ्लेक्स. वाईट काहीच नाही त्यात. पण तुमच्या शाळेएवढ्या पटाला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला मिळणारं संयुक्त अनुदान २५ हजार रुपयांच्या घरातलं. त्यातच लाइटबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं. एवढ्यात मोठा टीव्ही येत नाही. तो बहुधा लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून आला असणार. म्हणजे टीव्हीवरून गावाचा शाळेवर जीव आहे एवढं कळतं, आणि ते चांगलंच आहे. शिकवणं कसं आहे ते त्यावरून कळत नाही. फ्लेक्सवरची मुलगी तर अशी आहे की ती कुठल्याही शाळेत पुढेच आली असती. प्रत्येक वर्गात अशी एक-दोन असतात. केंद्रप्रमुख म्हणून शाळा बघत फिरताना मी एक शिकले: शाळा तुम्हाला दाखवते ते मूल बघून काहीही कळत नाही. शाळेला दाखवायचं नसतं ते मूल बघायचं.

म्हणून तिसरीच्या मुलांजवळ जाऊन बसा, खाली, त्यांच्यासोबत. बालभारतीचं दुसरीचं मराठीचं पुस्तक जवळ ठेवा. शिवाय ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचा एखादा जुना अंक न्या, कारण पुस्तकातले धडे मुलांना पाठ असतात आणि पान न बघताही ती ‘वाचतात’. नवीन मजकूर दिला की खरं काय ते कळतं. आणि सरांना विचारा, ‘तिसरीत वाचायला सगळ्यात मागे कोण आहे?’

हा प्रश्न मी सांगतेय त्यातला सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर नीट ऐका. एक शिक्षक सांगेल, ‘मागे आहे तो एक, पण त्याला घरी कोणी बघत नाही, आई-वडील ऊसतोडीला जातात, आम्ही तरी किती करणार.’ दुसरा सांगेल, ‘त्याला साधे शब्द येतात, जोडाक्षरं अडतात. दिवाळीपर्यंत काना-मात्राही जमत नव्हते. आता मी त्याला रोज दुपारी दहा मिनिटं दुसरीच्या गटात बसवतो.’ दोघांच्या वर्गातलं मूल तेवढंच मागे असेल कदाचित. पण दुसऱ्या शिक्षकाला ते मूल कुठे अडलंय ते ठाऊक आहे. तुमचा मुलगा उद्या कशात तरी अडणारच, सगळी अडतात. तेव्हा त्याच्यासमोर यातला कोणता माणूस असेल, एवढंच तुम्हाला शोधायचंय.

मग त्या मुलाला, आणि आणखी दोन-तिघांना, गोष्ट वाचून दाखवायला सांगा. परीक्षा घेतल्यासारखं नको. ‘माझा चष्मा घरी राहिला, जरा वाचून दाखव’ म्हटलं तरी चालतं. तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्ट आहे. तुम्ही घड्याळ लावू नका. वाचून झाल्यावर एवढंच विचारा, ‘मग काय झालं गोष्टीत?’ भरभर वाचून काहीच सांगता न येणारी मुलं खूप असतात, आणि अडखळत वाचून सगळी गोष्ट हातवारे करत सांगणारीही असतात. मला दुसरी जास्त चालतात.

गणिताला कागदावर एकच वजाबाकी द्या, ५२ मधून २७. हातचा घ्यायचा कळलाय की नाही ते तेवढ्यावर दिसतं. मग तेच तोंडी विचारा, ‘तुझ्याकडे ५२ रुपये आहेत, २७ ची वही घेतली, किती उरले?’ गंमत अशी की दुकानात जाणारी मुलं हे तोंडी पटकन सांगतात आणि कागदावर चुकतात. शिक्षक चांगला असेल तर त्याला हे माहीत असतं आणि तो दुकानातून कागदावर येतो.

ही पद्धत काही मी घरी बसून काढलेली नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून अशाच साध्या चाचणीवर निघतो: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. त्यात सरकारी शाळाही आल्या आणि खासगीही. म्हणून ही चाचणी थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचीही घ्या. प्रेमाने. त्याच्या इंग्लिशच्या पुस्तकातला एखादा धडा वाचायला सांगा आणि मराठीत त्याचा अर्थ विचारा. त्याला नीट आलं तर त्याची शाळा चांगली आहे, खुल्या मनाने म्हणा. नाही आलं, तर पिवळ्या बसवरून सासूबाईंशी वाद घालायची गरज राहणार नाही.

यानंतर वह्या. तुम्ही शिवणकाम करता; कपडा उलटा करून आतली शिलाई बघायची सवय असेलच. शाळेची आतली शिलाई म्हणजे मुलांची वही. चार-पाच मुलांच्या वह्या एकाच पानावर उघडा. सगळ्यांत अक्षर न् अक्षर तेच असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. ‘माझी आई’ या विषयावर चार वह्यांत चार वेगवेगळ्या आया असायला हव्यात, चुकांसकट. मग लाल पेन बघा. बरोबरची खूण चुकीच्या उत्तरावरही आहे का? असेल तर वह्या तपासल्या जात नाहीत, सह्या होतात. प्रगतिपुस्तकावर फार विसंबू नका. सगळ्यांना अ-१, अ-२ देणारी शाळा एक तर फार चांगली असते किंवा फार दमलेली.

दोन शिक्षक, चार वर्ग ही तुमची दुसरी अडचण, जरी तुम्ही पत्रात ती अडचण म्हणून लिहिलेली नसली तरी. कायद्याने ६० पर्यंत पटाला दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. बघायचं ते हे, की सर दुसरीला शिकवत असताना पहिली काय करते. हाताची घडी तोंडावर बोट? वहीत तेच ते अक्षर तीन पानं? की चिंचोके मोजणं, शब्दपट्ट्या लावणं, चौथीच्या मुलीजवळ बसून गोष्ट ऐकणं? तुमच्याच सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) शाळांनी जमिनीवर आखलेल्या पट्ट्या आणि वस्तू घेऊन मुलांना आपापलं शिकायला लावलं. २०१५ मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला त्या काळात राज्यभरातले शिक्षक ते बघायला येत असत. पुढे त्या पट्ट्या इतक्या शाळांच्या फरशीवर रंगवल्या गेल्या की विचारू नका. काही ठिकाणी मात्र त्यावर मूल कधी बसलेलंच नसतं. रंग उडालेला असेल तर खुश व्हा. वापर झालाय.

मिस्टरांचं म्हणणं आता. ते शिकले ती झेडपीची शाळा त्या वेळच्या गुरुजींची होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तीही जिल्हा परिषदेचीच शाळा. आणि वर्गात मास्तर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत, अशीही जिल्हा परिषदेचीच शाळा असते. पाटी एकच. द्विशिक्षकी शाळेत शाळा म्हणजे ती दोन माणसं, बाकी इमारत. बदल्या आता ऑनलाइन होतात, आणि एका फेरीत दोघंही बदलून गेले तर जूनमध्ये तीच पाटी लावलेली वेगळी शाळा उघडते. म्हणून कोणी ‘ती शाळा चांगली’ म्हणालं की विचारा, कधीची गोष्ट? कोण होतं तेव्हा? सरांनाही सरळ विचारा, तुम्हाला इथे किती वर्षं झाली, यंदा बदलीपात्र आहात का? राग येत नाही कोणाला, शिक्षकांचं आपापसात बोलणं बहुतेक त्याचंच असतं.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे दोघंही शिक्षक शाळेत एकत्र किती दिवस असतात. एक बैठकीला, एक प्रशिक्षणाला, एकाकडे मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी कामं देता येत नाहीत, पण निवडणुका आपल्याकडे कधी संपतात? शिवाय रोजची ऑनलाइन माहिती भरणं वेगळंच. यात सरांचा दोष बऱ्याचदा नसतो. मुलांचा दिवस मात्र जातो. हे सरांना विचारलंत तर ते कायद्याची तक्रार सांगतील. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा. गावातल्याच असतील, ओळखीच्याही असतील. सर किती वाजता येतात, मारतात का, कोणत्या मुलाला पोहोचवायला स्वतःच्या गाडीवर गेले होते, सगळं त्यांना ठाऊक असतं. आमच्या तपासणीच्या अहवालांपेक्षा त्यांचं मत मला नेहमी जास्त भरवशाचं वाटलं.

तिथे बसलाच आहात तर खिचडीही बघा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. तुम्ही एक घास खाऊन बघा आणि मुलं दुसऱ्यांदा वाढून घेतात का ते पाहा. सासूबाईंनी ज्या सुरात खिचडीचं नाव घेतलं त्या सुरात घेऊ नका, एवढंच सांगते. गावातली सगळ्या घरांतली मुलं एका पंगतीत बसून गरम जेवतात, हे फी भरून मिळत नाही.

मुलींचं स्वच्छतागृह बघा. आहे का, हे विचारू नका, कागदावर सगळीकडे आहे. दाराला कुलूप आहे का, आणि असेल तर चावी कोणाकडे, नळाला पाणी येतं का, हे बघा. मुलगा आहे म्हणून हे सोडू नका. ज्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची काळजी घेतली जाते तिथे इतरही न दिसणाऱ्या गोष्टींची घेतली जाते.

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो टाकला की मोबाइलवर शाळेचा पट, शिक्षक, वर्गखोल्या, पाण्याची सोय अशी माहिती दिसते. बघून ठेवा. पटाचे आकडे वर्गवार बघा, आणि त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष किती डोकी आहेत ती मोजून ताडा. ४१ पैकी ३७-३८ असतील तर शाळेत यावंसं वाटतंय मुलांना. २५ असतील आणि लग्नसराईही नसेल, तर काही तरी बिघडलंय.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण, हे वस्तीवरच्या चार आयांना विचारा. या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. कोणालाच नाव सांगता आलं नाही तर ती समिती सह्यांपुरती आहे. तसं असलं म्हणून शाळा वाईट ठरत नाही. तुम्हाला मात्र पुढच्या वर्षी तिथे काम मिळालं समजा.

इंग्रजीचं थोडक्यात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि बऱ्याच झेडपी शाळा सेमी चालवतात, म्हणजे गणितासारखे विषय इंग्रजीतून. सेमी आहे का, यापेक्षा गणित इंग्रजीतून समजावताना मुलं प्रश्न विचारतात की गप्प बसतात, ते बघा. सहा वर्षांचं मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्याला आधी वाचायला यावं, हे माझं ठाम मत आहे आणि सासूबाईंना ते पटणार नाही, याचीही मला कल्पना आहे.

शाळा चौथीपर्यंतच आहे. म्हणजे पाचवीला मुलं कुठल्या तरी हायस्कूलला जातात. त्या हायस्कूलच्या पाचवीच्या वर्गशिक्षकांना भेटा. त्यांच्याकडे सात-आठ वस्त्यांवरची मुलं येतात. त्यांना विचारा, ‘आमच्या वस्तीची पोरं कशी येतात हो?’ ते शाळेचं नाव घेऊन सांगतील. कोणाला हात धरून बाराखडी शिकवावी लागते आणि कोण आल्या दिवसापासून उत्तर द्यायला हात वर करतं, हे त्यांना जुलै संपायच्या आत समजलेलं असतं. शाळेबद्दल इतकं मोकळं मत तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही, कारण त्यांना त्यात लपवायचं काही नसतं.

आता निकाल कसा लावायचा? इमारत गळकी आहे पण सरांना मागचं मूल कुठे अडलंय ते ठाऊक आहे, तर डोळे झाकून घाला. दोघांतले एक शिक्षक चांगले, एक बेताचे, तरीही घाला, आणि पहिली-दुसरी कोणाकडे असते ते विचारून घ्या. पहिली चांगल्याकडे असली पाहिजे. पण तिसरीतली बरीचशी मुलं दुसरीचं पुस्तक वाचू शकत नाहीत, वह्या एकसारख्या, आणि विचारलं की पालकांच्या नावाने बोटं मोडली जातात, असं दिसलं तर मिस्टरांच्या अभिमानाखातर मुलाला तिथे घालू नका. आणि लगेच पिवळ्या बसकडेही पळू नका. दोन किलोमीटरवरच्या गावातली जिल्हा परिषद शाळा याच पद्धतीने बघा. तुम्ही शिवलेले कपडे द्यायला तिथे जातच असाल.

शाळा बघायला जाताना सासूबाईंनाही न्या. मिस्टरांना नको, ते सरांशी क्रिकेटवर बोलत बसतील. तिसरीतल्या पोरीने गोष्ट वाचून दाखवली तर ती आजीने ऐकावी. नाही वाचता आली तर तेही त्यांनीच ऐकावं, म्हणजे घरी आल्यावर बोलणं एकाच गोष्टीवर होईल. आणि काय दिसलं ते मला लिहून कळवा, मागे बसलेल्या मुलाबद्दल सर काय म्हणाले ते शब्दशः.